येळवशीच्या पंगतीतून उठताना आबा का पडले?

प्रश्न थोडक्यात असा. औसा तालुक्यातल्या एका गावचे आबा, वय ७१. चार वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे आणि मेंदूतलं डोपामिन भरून काढणारी लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. सप्टेंबरात हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला बाहेर फेकलं जाणारं रक्त) ३० टक्के. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात जेवून उठले आणि चार पावलांवर कोसळले. भुवईला तीन टाके पडले. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो विचारतो: हृदयाचे डॉक्टर म्हणतात मेंदूच्या गोळीने बीपी पडतंय, मेंदूचे डॉक्टर म्हणतात हृदयाच्या गोळ्या जड होतायत. कुणाचं ऐकायचं? आबा विसराळू झालेत, आणि हृदयाची नवी गोळी स्मरणशक्ती घालवते असा मेसेज आलाय, ते खरं का? आणि काही लाख घेऊन शिरेतून स्टेम सेल (मूळ पेशी) सोडणारे म्हणतात तसे हे दोन्ही आजार बरे होतात का? सोबत बारा औषधांच्या पाकिटांचे फोटो जोडलेत.

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही आणि कार्डिओलॉजिस्टही नाही. लातुरात पंचवीसेक वर्षं फिजिशियन म्हणून बसतो. या दोघांच्या मधल्या बाकावर जो पेशंट पिशवी घेऊन बसलेला असतो, तो बहुतेक वेळा माझ्याकडे येतो.

तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्ही पाठवलेल्या कागदांवर चार ठिकाणी बीपी लिहिलंय आणि चारही वेळा आबा खुर्चीत बसलेले होते. १३०/८०, १२६/७८, असे छान आकडे आहेत. आबा मात्र खुर्चीत बसून पडले नाहीत, उभं राहून पडले. म्हणून आधी हे करा. सकाळी उठल्यावर, गोळ्यांच्या आधी, आबांना पाच मिनिटं आडवं राहू द्या आणि बीपी व नाडी मोजा. मग उभं करा. एकाने धरून ठेवायचं. एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभं राहिल्यावर बीपी पडणं म्हणतात. हेच दुपारी जेवणानंतर तासाभराने एकदा करा. तीन दिवसांची वही झाली की ती दोन्ही डॉक्टरांसमोर एकाच आठवड्यात ठेवा.

निलंग्याकडचे एक निवृत्त मास्तर असेच आले होते. बायको म्हणाली, "साहेब, उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायलीय म्हणतेत, अन् आमची सून म्हणती अशक्तपणा हाय." सलाईन लावून झालं होतं, ताकदीची इंजेक्शनं झाली होती. झोपून १४८/८४, नाडी ६८. उभं राहून तिसऱ्या मिनिटाला ९६/५८, नाडी ७४. बीपी ५२ ने घसरलं आणि नाडी फक्त सहाने वाढली. सारं निदान त्या नाडीत आहे. जुलाबाने पाणी कमी झालेला माणूस उभा केला तर बीपी पडतं आणि नाडी धावायला लागते, कारण शरीर तूट भरून काढायची धडपड करतं. मास्तरांची नाडी धडपडलीच नाही. नाडीतली वाढ भागिले बीपीतली घसरण हा भागाकार अर्ध्याच्या खाली आला तर दोष नसांचा (मज्जातंतूंचा) आहे असं समजतात. फक्त तुमच्या आबांना मेटोप्रोलॉल चालू आहे. ती गोळी नाडी तशीही दाबून ठेवते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत या भागाकारावर डोळे झाकून विसंबू नका.

आता ही नाडी का धावत नाही, ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत दाब मोजणाऱ्या नसा असतात, त्या लगेच मेंदूच्या खालच्या भागाला कळवतात. तिथून निघालेल्या नसा रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला टाच मारतात. या नसांच्या टोकाला नॉरएपिनेफ्रिन हे रसायन सुटतं. दोन-चार सेकंदांचा खेळ, आपल्याला पत्ताही लागत नाही.

कंपवाताचं पहिलं नीट वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली केलं. मेंदूच्या पेशींतले विचित्र गोळे फ्रिडरिश लेवी यांनी १९१२ साली पाहिले. पण ते गोळे कशाचे बनलेले आहेत हे कळायला १९९७ उजाडलं. अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन आपल्या सगळ्यांच्या नसांत असतं आणि नेहमी सुटं असतं. काही जणांत त्याची घडी चुकते. चुकलेल्या घडीचं प्रथिन शेजारच्या नीट प्रथिनालाही आपल्यासारखं वाकवतं आणि मग त्याचे पुंजके होतात. दुधाला विरजण लागावं तसं. हे विरजण एका पेशीतून दुसरीत जातं असा भक्कम पुरावा प्रयोगशाळांत आहे. माणसात ते नेमक्या कुठल्या वाटेने पसरतं यावर वाद चालू आहेत. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास किंवा जास्त मेल्या की मग हात थरथरतो. म्हणजे थरथर हा आजाराचा आरंभ नव्हे, बराच पुढचा टप्पा आहे. आईंना विचारून बघा: थरथर सुरू व्हायच्या आधी कित्येक वर्षं आबांना बद्धकोष्ठ होतं का, झोपेत ओरडत किंवा लाथा मारत होते का, दूध उतू जाऊन करपलं तरी वास येत नव्हता का? दहातल्या सहा-सात घरांत मला "हो, हो, तसंच" असं उत्तर येतं.

हे पुंजके फक्त मेंदूत थांबत नाहीत. आतड्यांच्या नसांत सापडतात आणि हृदयाकडे जाणाऱ्या नसांतही सापडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डेव्हिड गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या पेशंटच्या हृदयाचे खास स्कॅन काढले. त्या स्कॅनमध्ये हृदयातली जिवंत नसांची टोकं उजळतात. उभं राहिल्यावर बीपी पडणाऱ्या पेशंटमध्ये हृदयाच्या जागी जवळजवळ अंधार होता. स्नायू शाबूत, रक्तपुरवठा शाबूत, पण तिथवर आलेली वायर करपलेली. जपानात एमआयबीजी नावाचा याच धर्तीचा स्कॅन सर्रास करतात आणि २०१७ पासून लेवी बॉडी डिमेन्शियाच्या, म्हणजे याच पुंजक्यांच्या स्मृतिभ्रंशाच्या, निदानाच्या निकषांत त्याला जागा आहे.

तेव्हा तुमच्या आबांच्या हृदयावर दोन बाजूंनी घाव आहे. अटॅकने स्नायूचा तुकडा मेला, तो आपण इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) बघतो आणि पंपिंग ३० टक्के म्हणतो. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या हृदयाच्या नसा झडत होत्या. त्या इकोत दिसत नाहीत, म्हणून त्यांबद्दल कुणी बोललं नाही. कंपवातामुळे अटॅक आला का? नाही. ती नळी चरबीनेच बंद झाली, त्याला तंबाखू, साखर, बीपी, वय हीच नेहमीची मंडळी जबाबदार. पण अटॅकनंतर सुरू केलेल्या गोळ्या पचवायला जी यंत्रणा लागते, ती कंपवाताने आधीच खाल्ली होती.

आता येळवशीचा दिवस बघा. सकाळी रिकाम्या पोटी बीपी उतरवणाऱ्या तीन गोळ्या आणि लघवीची एक. रात्रीची प्रोस्टेटची गोळी, तीही बीपी उतरवणारी, अंगात होतीच. उन्हात बैलगाडीतून किंवा टेम्पोतून शेत. जेवणाआधी अर्धा तास लेव्होडोपा, तिनेही बीपी थोडं उतरतं. मग भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, आंबील, पोटभर, आग्रहाने. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं. निरोगी माणसात नसा ते सांभाळून घेतात, आबांच्या नाहीत. वर मांडी घालून तासभर जमिनीवर बसलेले. अशा माणसाला "उठा आबा, हात धुवा" म्हटलं की काय होणार? तुम्ही लिहिलंय की बेशुद्धी अर्ध्या मिनिटाची होती आणि आडवं केल्याबरोबर शुद्ध आली. चित्र जुळतं. तरीही पंपिंग ३० टक्के असलेल्या माणसाची चक्कर हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडीनेही येते आणि ती जीव घेते. ईसीजी आणि २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर झाल्याशिवाय बीपीवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका. बसलेले असताना, आडवे असताना, धडधड होऊन शुद्ध हरपली तर वही-बिही ठेवा बाजूला आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आता पिशवी. बारा पाकिटांतली तीन मला खटकली, आणि ती तिन्ही ना हृदय वाचवणारी आहेत ना मेंदू.

एक, ट्रायमेटाझिडीन. छातीतल्या दुखण्यासाठी देतात. हृदयाच्या स्नायूला चरबीऐवजी साखर जाळायला लावते. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर अगदी सहज येते. पण ही गोळी स्वतःच कंपवातासारखी लक्षणं आणते. २०१२ साली युरोपच्या औषध नियंत्रकांनी तिचा वापर मर्यादित केला आणि कंपवात असलेल्यांना ती देऊच नये असं स्पष्ट सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "साहेब, कंपवात आहे, ही गोळी बंद केली तर चालेल का?" बहुतेक जण हो म्हणतील.

दोन, सिनारिझिन. गावातल्या डॉक्टरांनी चक्करेसाठी दिलीय. कानाच्या चक्करेला ती चालते, पण आबांची चक्कर कानाची नाहीच. उलट ती मेंदूत डोपामिनची वाट अडवते. आबांचं चालणं दोन महिन्यांत जास्त आखडलं म्हणता, त्यात हिचा हात असण्याची शक्यता मोठी आहे.

तीन, ॲसिडिटीची गोळी. पँटोप्राझोलपर्यंत ठीक होतं, पण तुमच्या पाकिटावर त्याच्या पुढे लेव्होसल्पिराइड छापलंय. ते डोपामिन अडवणारं औषध आहे. एका हाताने लेव्होडोपा द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचं दार लावायचं. मराठवाड्यात मी दर महिन्याला अशी किमान दोन-तीन माणसं बघतो, ज्यांना कंपवात नाहीच, फक्त वर्षभर ही ॲसिडिटीची गोळी चालू आहे. ती बंद केल्यावर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, माणूस मोकळा होतो. मेडिकलवाल्याकडून "गॅसची चांगली गोळी" म्हणून मागून घेऊ नका. उलटी-मळमळ झाली तर मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शनही नको. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही म्हणून कंपवातात वापरतात, पण पंपिंग कमी असलेल्या हृदयात ते ठोके बिघडवू शकतं. ते आबांना ईसीजी बघूनच.

ही तीन गेली तर बीपी पडणं थांबेल का? नाही, पण चालणं सुधारेल आणि घोळ कमी होईल. बीपीसाठी कात्री दुसरीकडे लावायची. अंगाला सूज नसेल, श्वास चांगला असेल तर लघवीची टॉर्सेमाइड कमी करता येते का, हा पहिला प्रश्न. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन हा दुसरा. तिच्याशिवाय भागतं का ते मूत्रविकारवाल्यांना विचारा. तिसरं म्हणजे सकाळी एकगठ्ठा गोळ्या न देता त्या दिवसभरात विभागणं. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन या मात्र आबांचं आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या आहेत. डोस उतरवावा लागला तरी त्या मुळातून उपटून टाकायच्या नाहीत. डापाग्लिफ्लोझिन हे कमकुवत हृदयाचं आणखी एक औषध यादीत नाही. ते कधीतरी विचारा, पण उभं राहिल्यावरचं बीपी सावरल्यावर. स्टेंटसाठीच्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या "पडले, टाके पडले" म्हणून स्वतःहून थांबवणं हा तर थेट दुसऱ्या अटॅकला दिलेला आवतण आहे. डोक्याला मार लागला तर मात्र जखम किरकोळ दिसली तरी सीटी स्कॅन करा, त्याच गोळ्यांमुळे.

आणि यातलं काहीही हा मजकूर वाचून घरी बंद करायचं नाही. लेव्होडोपा तर अजिबात नाही.

बीपी वाढवायची औषधं असतात. त्यातलं फ्लुड्रोकॉर्टिसोन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, ३० टक्क्यांच्या हृदयाला ते बुडवेल. म्हणून आबांच्या बाबतीत घरगुती उपायच जास्त कामाचे. मिठाचा पेच मात्र खरा आहे: बीपी पडणाऱ्याला मीठ वाढवा सांगतात, हार्ट फेल्युअरवाल्याला, म्हणजे हृदय कमी पडणाऱ्याला, कमी करा. मी अशा पेशंटला मीठ वाढवायला सांगत नाही. ठेचा, पापड, लोणचं बंद. भाजी-आमटीत नेहमीचं, हात राखून. त्याऐवजी उठायच्या आधी एक मोठा तांब्या पाणी दोन-तीन मिनिटांत प्यायचं. नसा बिघडलेल्या माणसात नुसत्या पाण्याने बीपी तासभर बरंच वर राहतं. ते पाणी दिवसाच्या ठरवून दिलेल्या पाण्यात मोजायचं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा घाला, कारण अशा माणसांचं बीपी आडवं पडल्यावर उलटं वाढतं आणि रात्रभर लघवी होऊन सकाळी अंग कोरडं पडतं. पोटाला पट्टा बांधा, झोपताना सोडा. जुनी माणसं कंबरेला उपरणं करकचून बांधून उठायची. त्यांना कुणी नसांचं शास्त्र शिकवलं नव्हतं, पण पोटातलं रक्त वर ढकलायचा इलाज तोच. जेवण थोडं थोडं चार-पाच वेळा. रात्री लघवी बसूनच करायची. रोज सकाळी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. एप्रिल-मे मध्ये ४२ च्या वर पारा गेला, किंवा जुलाब लागले, की लघवीच्या गोळीचा डोस त्याच दिवशी विचारायचा.

लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास, हे आबा पाळतात ते उत्तम. डाळ, दूध, मटण यांतलं प्रथिन तिच्याशी आतड्यात जागेसाठी भांडतं. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, हे खरं आहे, आयुर्वेदात कंपवातासाठी ती वापरतात. पण चूर्णात किती आहे ते कळत नाही आणि गोळीच्या वर ते घेतलं तर डोस कुणाच्याच हातात राहत नाही. नको.

स्मरणशक्तीचा मेसेज अगदीच हवेतला नाही, म्हणून दोन ओळी जास्त. ती नवी गोळी म्हणजे सॅक्युबिट्रिल. ती नेप्रिलायसिन हे एन्झाइम रोखते. त्यामुळे हृदयाला सोयीची रसायनं जास्त टिकतात. पण हेच एन्झाइम मेंदूतला बीटा-अमायलॉइड हा कचराही तोडतं, आणि अल्झायमरमध्ये तोच साठतो. मग गोळीने कचरा वाढेल का, ही शंका शास्त्रज्ञांनीच काढली. ती तपासायला मुद्दाम अभ्यास झाला, हार्ट फेल्युअरच्या जवळपास ६०० पेशंटना तीन वर्षं पाहिलं आणि २०२२ साली निष्कर्ष आला: स्मरणशक्ती आणि आकलनात या गोळीने जास्त घसरण झाली नाही. तो अभ्यास पंपिंग फार कमी नसलेल्या पेशंटवर होता आणि तीन वर्षांचाच होता, हे खरं. पण आबांना दुसरा अटॅक किंवा हार्ट फेल्युअर गाठण्याचा धोका आजचा आहे. मी गोळी चालू ठेवेन. आबांचा विसराळूपणा मला कंपवाताचा आणि कमी बीपीचा जास्त वाटतो. मेंदूला उभ्याने रक्त कमी पोचतं, तेव्हा माणूस गोंधळतो.

स्टेम सेल. २०२५ साली जपानच्या क्योटो विद्यापीठाने सात पेशंटच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी बसवल्याचा अहवाल आला, अमेरिकेतूनही तसाच एक लहान अभ्यास आला. काम गंभीर आहे, आशा ठेवण्यासारखं आहे. पण ती शस्त्रक्रिया होती, कवटीतून, मोजक्या आणि निवडलेल्या माणसांवर, आणि उद्देश मुख्यतः सुरक्षितता तपासणं हा होता. शिरेतून सलाईनसारख्या पेशी सोडून कंपवात आणि हृदय दोन्ही बरं करू म्हणणाऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर स्टेम सेल हा फक्त संशोधनाचा भाग आहे आणि संशोधनासाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. तुमच्याकडे काही लाख मागितले, तिथेच उत्तर मिळालं. रान विकू नका.

ठोके बिघडले की शॉक देणाऱ्या, छातीत बसवायच्या यंत्राचा विषय निघाला असेल किंवा निघेल. पंपिंग ३५ च्या खाली राहिलं तर तो विचार करतात, पण अटॅकनंतर चाळीस दिवस आणि नीट औषधांचे तीन महिने होऊन पुन्हा इको केल्यावर. सप्टेंबरपासून ते झालेत. आधी इको करून घ्या.

राहिला एक मुद्दा, तो तुम्ही विचारलेला नाही. आबा पुन्हा आयसीयूत गेले तर काय? एका आयसीयूत पाहिलेली गोष्ट सांगतो. कंपवाताचा पेशंट अटॅक घेऊन आला, "तोंडाने काही नको" म्हणून लेव्होडोपा दोन दिवस द्यायची राहिली. तिसऱ्या दिवशी अंग लाकडासारखं ताठ, ताप १०४, बडबड. बडबड थांबवायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं गेलं, तेही डोपामिन अडवतं, आणि ताठरपणा आणखी वाढला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळे हृदयाकडे बघत होते. गोळी नाकातल्या नळीतून सुरू केल्यावर आठवड्याने माणूस सावरला.

म्हणून आजच आबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लाल पेनने लिहून ठेवा: कंपवात आहे. लेव्होडोपा सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७. तोंडाने जमत नसेल तर नळीतून, पण चुकवू नये. हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, ट्रायमेटाझिडीन देऊ नये. गोंधळ झाला तर न्यूरॉलॉजिस्टना विचारून क्वेटियापिन कमी डोसात. बीपी झोपून आणि उभं, दोन्ही लिहावं. वेळा तुमच्या आबांच्या असतील तशा बदला, आणि त्या पानाचा एक फोटो आईंच्या मोबाइलवर ठेवा, कारण रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये त्याच बसणार आहेत.